गायरानावरची धावपट्टी

२१ ऑगस्ट १९६४

सरकारी डायरीत आज लिहिलं, 'स्थळी रुजू झालो.' तिच्यात याहून जास्त लिहिलं तर वरचे लोक विचारतात, एवढा रिकामा वेळ कुठून मिळाला? म्हणून ही दुसरी वही. ही कुणाला दाखवायची नाही.

ढोकीच्या आसपासच्या उसावर पाकोळी पडली आहे. पानांतला रस शोषून हा किडा उभं पीक पिवळं करतो. मुंबईची एक कंपनी विमानातून औषध फवारणार आहे आणि ते विमान उतरायला या गावच्या माळावर निजामाच्या काळात आखलेली एक धावपट्टी आहे. विमान वाहतूक खात्याचा निरीक्षक म्हणून माझं काम साधं आहे. उतरणारा माणूस धडधाकट बाहेर पडला पाहिजे.

खात्यानं यंदा नवी पद्धत काढली आहे. आजवर विमान पडलं की आम्ही जायचो आणि का पडलं ते शोधायचो. आता पडायच्या आधी जायचं. धोके हुडकायचे आणि प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे. हे किती वेळा घडेल? आणि घडलं तर किती वाईट घडेल? ज्याची दोन्ही उत्तरं वाईट, त्याचा बंदोबस्त आधी. ही पद्धत पहिल्यांदा याच पट्टीवर वापरून बघायची आहे. जमली तर देशातल्या सगळ्या लहान पट्ट्यांना लागू होईल आणि मला दिल्लीत टेबल मिळेल. उपसंचालकसाहेब असं स्पष्ट म्हणाले नाहीत, पण त्यांनी चहा मागवला होता.

२३ ऑगस्ट

पट्टी पायी चाललो. दगड वेचावे लागतील, एक वारूळ पाडावं लागेल. तारा नाहीत, उंच झाडं नाहीत. उत्तरेला ऊस अगदी कडेपर्यंत आला आहे. पश्चिमेच्या टोकाला ओघळ आहे, पण फवारणीचं विमान लहान, ते तिथवर धावतच नाही.

खरा धोका चार पायांचा आहे. गावची सगळी जनावरं याच माळावर चरतात. त्यांच्यामागं गोरोबा नावाचा म्हातारा गुराखी होता. त्याला विचारलं, "एवढी जनावरं धावपट्टीवर कशी?"

तो म्हणाला, "ढोरं पट्टीवर न्हाईत सायेब. पट्टी गायरानावर हाय."

माणूस तोंडाळ दिसतो.

वाऱ्याची दिशा कळावी म्हणून बांबूला कापडी पिशवी बांधली. दिवस मावळायच्या आत गावात तिचं नाव 'पायजमा' पडलं होतं.

२६ ऑगस्ट

चौकीदार नेमला. नाव खाजामियाँ. निजामाच्या काळी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर होता. वय पन्नाशीच्या पुढं, पण नजर शाबूत. घर पट्टीला लागूनच, घरात तो आणि बायको हुसेनबी. त्याला काम समजावलं. विमान यायच्या वेळी पट्टीवर जनावर, माणूस, काहीही दिसलं की दोरी ओढायची आणि लाल झेंडा वर चढवायचा. झेंडा दिसला की वैमानिक उतरणार नाही, घिरट्या घालत थांबेल. अगदीच तेल संपत आलं तर सोलापूरला जाईल.

"म्हंजे माज्या हातात त्याचा जीव हाय म्हणा की साब," खाजामियाँ म्हणाला.

मी म्हटलं, दोरी आहे. पण त्याला ते वाक्य आवडलेलं दिसलं. त्यानं ते हुसेनबीलाही ऐकवलं.

माझ्या जेवणाची सोय धुरपताबाईकडं झाली. एकटी विधवा, एक म्हैस, तिच्या दुधादह्यावर घर चालतं. दही असं की वाटी उलटी केली तरी सांडू नये.

३० ऑगस्ट

विमान आलं. वैमानिक कॅप्टन कल्याणप्पा, गुलबर्ग्याकडचे. गडगडाटी हसणारा, पोट सुटलेला माणूस. त्या एवढ्याशा यंत्रात ते मावतात कसे हाच मला पहिला धोका वाटला. पहिल्याच सकाळी झेंडा तीनदा वर गेला. मला शरम वाटली. उतरल्यावर मी त्यांची माफी मागायला लागलो तर म्हणाले, "माफी कशाची? झेंडा दिसला की बरं वाटतं बघा. खाली कोणतरी बघायलंय."

माणूस मोठ्या मनाचा आहे. तरी हे असं चालू देता येणार नाही.

२ सप्टेंबर

झेंडा रोज वर जातो आहे. माझ्या दोन प्रश्नांची उत्तरं लख्ख आहेत. रोज घडतं आणि घडलं तर माणूस मरतो. तेव्हा पहिला बंदोबस्त जनावरांचा.

सरपंच रामलिंगअण्णांना भेटलो. त्यांनी बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही आणि उपाय काढला. झेंडा वर गेला की त्यांची माणसं माळावर धावतील, पट्टीवरचं जनावर थेट कोंडवाड्यात आणि मालकानं दंड भरून सोडवून न्यायचं. झेंडा गावातून दिसतो, त्यामुळं वेगळा निरोप धाडायचीही गरज नाही. मी तसा लेखी आदेश दिला. गावात दवंडी पिटली. कोंडवाड्याचा ठेका यंदा लिलावात अण्णांनीच घेतलेला आहे, म्हणजे सगळा कारभार एका हाती. इतका उत्साही सरपंच मी आजवर पाहिला नव्हता.

४ सप्टेंबर

पाच जनावरं कोंडवाड्यात. आदेश लागू पडतो आहे.

६ सप्टेंबर

पोळा. काल सकाळी झेंडा वर गेला तेव्हा पट्टीवर आयुबची बैलजोडी सापडली. आयुब म्हणजे हुसेनबीचा भाऊ. दंड घेऊन तो तासाभरात आला होता, पण कोंडवाड्याचा कारकून सणासाठी आपल्या गावी निघून गेला होता आणि किल्ली त्याच्याकडं. त्यामुळं आज सगळ्या गावचे बैल शिंगं रंगवून मिरवले आणि आयुबचे बैल आतच राहिले. तो कोंडवाड्याच्या दारात झूल मांडीवर घेऊन बसला होता. फटीतून हात घालून त्यानं एका बैलाच्या शिंगाला बेगड लावलं. दुसऱ्यापर्यंत हात पोचला नाही.

मला वाईट वाटलं. पण सणासाठी नियम वाकवला तर उद्या सगळेच सण काढतील.

११ सप्टेंबर

या आठवड्यात झेंडा फक्त दोनदा. सुधारणा आहे.

आज धुरपताबाईकडं जेवत होतो तेव्हा हुसेनबी दह्याला आली होती. बाई आतूनच म्हणाली, "इरजलंच न्हाय आज." माझ्या पानात मात्र वाटी भरलेली होती. माझा वाटा राखून ठेवते बिचारी.

१७ सप्टेंबर

आठवडाभर झेंडा एकदाही वर गेला नाही. एकदाही! पद्धत किती साधी आहे आणि आम्ही इतकी वर्षं विमानांचे तुकडे गोळा करत फिरत होतो.

उपसंचालकसाहेबांना अहवाल पाठवला. सोबत इतर पट्ट्यांसाठी परिपत्रकाचा मसुदाही जोडला. 'इशारा आणि दंड यांची सांगड घालावी' हे वाक्य मला स्वतःला फार आवडलं.

२१ सप्टेंबर

खाजामियाँची प्रकृती बरी दिसत नाही. सकाळी विमान उतरल्यावर पाहिलं तर तो पट्टीच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. सदरा घामानं भिजलेला, एका पायात चप्पल नाही. नुसतं खांबाजवळ उभं राहून माणसाला एवढा दम लागतो म्हणजे छाती कमजोर असणार. बिड्या कमी करा म्हणून सांगितलं. "हौ साब," म्हणाला.

२४ सप्टेंबर

हुसेनबीला आज धुरपताबाईनं दही दिलं, वर ओंजळभर शेंगाही दिल्या. दोघी बराच वेळ दारात बोलत उभ्या होत्या. मी पोचताच बोलणं थांबलं. गावात एकोपा आहे आणि परक्याचा मानही आहे.

२९ सप्टेंबर

उपसंचालकसाहेबांचं पत्र. 'प्रगती स्पृहणीय.' ऑक्टोबरअखेर स्वतः पाहणीला येऊ असंही कळवलं आहे. पत्र दोनदा वाचलं आणि मग, कबूल करायला हरकत नाही, तिसऱ्यांदाही वाचलं.

३ ऑक्टोबर

आज घडलं ते जसं दिसलं तसं लिहितो.

कॅप्टन तिसरी फेरी संपवून परत येत होते. औषधाची टाकी रिकामी होती. मी पट्टीच्या पूर्वेच्या टोकाला उभा होतो. विमान खाली यायला लागलं आणि उत्तरेच्या उसातून धुरपताबाईची म्हैस बाहेर आली. निवांत चालत पट्टीच्या मधोमध आली आणि थांबली. मी खांबाकडं पाहिलं. खांबाजवळ कुणीच नव्हतं. खाजामियाँ म्हशीकडं पळत होता, हातात काठी, तोंडानं हाड्या-हाड्या करत. झेंडा खालीच होता. मी ओरडलो, पण इंजिनाच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही.

कॅप्टननी नाक वर उचलायचा प्रयत्न केला. चाक म्हशीच्या पाठीला लागलं. विमान कलंडलं, नाकावर उभं राहिलं आणि पंखावर पडलं. आग लागली नाही. आम्ही कॅप्टनना ओढून बाहेर काढलं तेव्हा ते शुद्धीवर होते. मांडीचं हाड मोडलं आहे, बरगड्याही. साखर कारखान्याच्या जीपमधून उस्मानाबादला नेलं. म्हैस जागीच गेली. खाजामियाँ तिच्या पलीकडं चार हात अंतरावर बसला होता, त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं.

परत येऊन खांब पाहिला. दोरीची गाठ सोडलेलीच नव्हती. गाठीवर धूळ बसली होती.

५ ऑक्टोबर

उस्मानाबादच्या इस्पितळात जाऊन आलो. कॅप्टनचा पाय वजन लावून टांगला आहे. जीव वाचला, पुन्हा विमान चालवता येईल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. त्यांनी म्हशीची चौकशी केली आणि मग छताकडं बघत म्हणाले, "सुरवातीला झेंडा रोज दिसायचा. मंग दिसंना झाला. मला वाटलं, जनावरं कमी झाली."

"मलाही तसंच वाटलं," मी म्हणालो.

"तुमी खाली होता की," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

७ ऑक्टोबर

खाजामियाँचा जबाब घ्यायला त्याच्या घरी गेलो. त्यानं बाजेवर गोधडी घातली, मला बसवलं आणि स्वतः उभा राहिला.

"लिवा साब," तो म्हणाला. "मला डोळा लागला हुता."

"खाजामियाँ, मी तुम्हाला पळताना पाहिलं."

"मंग पळता पळता लागला आसंल."

मी कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, तुम्हाला काही होणार नाही, खरं सांगा. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मला मान खाली घालावी लागली. काही होणार नाही याची हमी माझ्या हातात नव्हती आणि ते त्याला माझ्या आधी माहीत होतं. झोपला म्हणून लिहिलं तर त्याची नोकरी जाईल. म्हशीचं लिहिलं तर फौजदार धुरपताबाईच्या दारात उभा राहील.

तेवढ्यात हुसेनबी चुलीपासून उठून आली. आजवर ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"त्ये न्हाय सांगायचे, म्या सांगते. झेंडा वर गेला की कोंडवाडा. झेंडा कोण वडतो? माजा मानूस. माज्या भावाचे बैल पोळ्याला कोंडवाड्यात ऱ्हायले. तवापास्नं माजं म्हायेर तुटलं. हिरीवर गेले तर बाया घागर उचलून बाजूला व्हायच्या. धुरपताबाई दही दीना. तिचं तरी काय चुकलं? तिला एकच म्हस. ती कोंडवाड्यात गेली तर बाईनं दंड कुठून आणावा, आन खावं काय? मग ह्यांनी झेंडा सोडला आन पळाय लागले. रोज पळायचे. इमान यायच्या आदी ढोरं हाकलायला पळायचे. तुमी म्हणला, बिड्या कमी करा."

खाजामियाँ म्हणाला, "चुप बस."

"न्हाय बसत. बिड्या वडतच न्हाईत हे, सायेब. कधीच वडल्या न्हाईत."

मी जबाब न घेताच परत आलो.

८ ऑक्टोबर

जेवण गेलं नाही. धुरपताबाईनं भाकरी आणि कांदा पाठवला. दही आता कुठून येणार?

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात फिरते आहे. माझे दोन प्रश्न बरोबर होते. उत्तरंही बरोबर होती. मी बंदोबस्त केला तो जनावरांचा नाही, झेंड्याचा केला. जो माणूस धोका दाखवत होता त्याचं दाखवणंच महाग करून ठेवलं आणि मग धोका दिसत नाही म्हणून वर पत्र पाठवलं. कॅप्टन त्या न दिसणाऱ्या झेंड्यावर विसंबून उतरत होते. मला माझी लाज वाटते आहे. हे सरकारी डायरीत लिहिता येत नाही, म्हणून इथं लिहितो.

१० ऑक्टोबर

अहवाल रवाना. अपघाताचं कारण असं लिहिलं: 'निरीक्षकाच्या दिनांक २ सप्टेंबरच्या आदेशामुळे धोक्याचा इशारा देणे चौकीदारास अशक्य झाले.' परिपत्रकाचा मसुदा परत मागवला. दिल्लीचं टेबल डोळ्यांपुढून हललं ते हललंच.

१२ ऑक्टोबर

सकाळी चावडीवर गाव गोळा केलं. सांगितलं की झेंडा आणि कोंडवाडा यांचा आजपासून संबंध तुटला. झेंडा चढवणाऱ्याला कुणी जाब विचारणार नाही, मीही नाही. कंपनीचं दुसरं विमान आल्यावरही फवारणी सकाळीच असेल, तेव्हा दुपारनंतर पट्टीसकट सगळं गायरान जनावरांचं. धोका दिसला तर कुणीही येऊन सांगावं, सांगणाऱ्याला शिक्षा नाही.

रामलिंगअण्णा म्हणाले, "साहेब, अशानं शिस्त राहायची न्हाय. ठेका घेताना आम्ही सरकारला शब्द दिलाय."

मी म्हटलं, शब्द तुम्ही दिलाय, मान कॅप्टनची होती.

बाकीच्यांनी माना डोलावल्या. माना डोलावल्या म्हणजे पटलं असं नाही, एवढं आता मला कळू लागलं आहे. गोरोबा मागं बसून तंबाखू मळत होता. त्यानं मानसुद्धा डोलावली नाही.

१५ ऑक्टोबर

दसरा. गावात सोनं वाटलं. अण्णांनी मला दिलं नाही.

१७ ऑक्टोबर

उपसंचालकसाहेबांचं उत्तर. 'आपला अहवाल असामान्य आहे. ठरलेली पाहणी अलीकडे घेत आहे. २२ रोजी खात्याच्या विमानाने येऊन समक्ष पाहीन. त्यानंतर पट्टी चालू ठेवायची की बंद करायची आणि जबाबदारी कोणावर, याचा निर्णय होईल.' खात्याचं विमान दोन इंजिनांचं आहे, त्याला पट्टीची पूर्ण लांबी लागेल. दगड पुन्हा वेचून घेतले, पश्चिमेच्या टोकापर्यंत.

पट्टी बंद झाली तर फवारणी बंद. पाकोळी अजून उसावर आहे.

२२ ऑक्टोबर

सकाळपासून गाव माळावर. कारखान्याची माणसं, फेटा बांधलेले अण्णा, हार, ताशा. जनावरं गोरोबानं ओढ्यापलीकडं नेऊन बांधली होती आणि तो स्वतः बघ्यांत येऊन बसला होता. पट्टी स्वच्छ. मी इस्त्रीचा कोट घातला होता. विमान दिसलं, एक फेरी मारली आणि उतरण्यासाठी पट्टीच्या रेषेत आलं.

आणि लाल झेंडा वर गेला.

मी पट्टीकडं पाहिलं. काहीच नव्हतं. विमान गरजत डोक्यावरून गेलं, वळलं, पुन्हा एक फेरी मारली. झेंडा वरच होता. मग ते सोलापूरच्या दिशेनं निघून गेलं. ताशेवाल्याच्या हातातल्या काड्या तशाच राहिल्या.

अण्णा खांबाकडं धावले. "काय दिसलं रे तुला? सांग की, काय दिसलं?"

खाजामियाँनं दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "उसाच्या कडंला हाललं कायतरी. ढोर हुतं का वारं हुतं, न्हाय कळलं."

"न्हाय कळलं? आन साहेबाचं इमान परत लावलंस?"

मी कुणाशी न बोलता उसाची कड पाहिली, मग पश्चिमेच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. पाऊलखूण नाही, शेण नाही, मोडलेलं धाट नाही. वारंच असणार. परत येताना माझ्या मनात खाजामियाँबद्दल जे आलं ते इथंही लिहीत नाही. आजच का? त्या एका वाऱ्यासाठी माझी नोकरी सोलापूरला उडून गेली होती. सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. खाजामियाँ बघत नव्हता. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

"काही सापडलं?" अण्णांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. मग खाजामियाँकडं वळलो. "बरोबर केलंत. पुढच्या वेळीही असंच करा."

मनातून म्हणालो असं लिहिणं खोटं ठरेल. तोंडानं म्हणालो, एवढंच. लोक पांगले. ताशेवाल्यानं बिदागी मागितली, तर अण्णांनी ती न देता माझ्याकडं बोट दाखवलं.

तार केली: 'पट्टीबाबत शंकेमुळे इशारा योग्य. कृपया दुसरी तारीख द्यावी.'

२३ ऑक्टोबर

सकाळी दाढी करत होतो तर गोरोबा दारात उभा. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"सायेब, काल त्या खाज्याला तुमी काय म्हनला न्हाई."

"नाही."

"बरं मग चला माज्यासंगं."

तो पुढं आणि मी अर्ध्या दाढीनं मागं. पश्चिमेच्या टोकाला, ओघळीपासून थोडं अलीकडं, तो थांबला आणि काठीनं गवतावर ठोकलं. आवाज पोकळ आला. मग त्यानं काठी जोरात खाली घातली, गवत आत बसलं आणि काठी हातभर खाली गेली. पुढं ढकलली तर आणखी गेली. ओघळीच्या पाण्यानं पट्टीखालची माती आतून वाहून नेली होती आणि घुशींनी उरलेली पोखरली होती. वर नुसता गवताचा थर. बैलगाडीचं चाक आडवं मावेल एवढी पोकळी होती. काल मी यावरूनच चालत गेलो होतो, माणसाच्या वजनानं ते खचत नाही. दोन इंजिनांचं विमान काल धावत धावत बरोबर इथं पोचलं असतं.

मी खाली बसलो.

"हे कधीपासून आहे?"

"पोळ्याच्या आदीपास्नं. आयुबच्या कालवडीचा पाय गेला हुता हितं."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

गोरोबानं काठी बाहेर काढली आणि तिची माती गवताला पुसली.

"सांगितलं आसतं सायेब. पर तुमी पयलं ईचारलं आसतं, तू ढोरं घिऊन तिथं काय करत हुतास."

मी तेच विचारलं असतं.